आधी अवजार, मग ट्रॅक्टर : छोट्या ट्रॅक्टरचं माप कसं ठरवायचं

जागा घेऊन झाली की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती एचपीचा घेऊ?" त्यावर समोरचा विचारतो, "एकर किती?" माझ्या मते हे दोघंही चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. एचपी हा या हिशोबातला शेवटचा आकडा आहे. आधी काम, मग त्या कामाचं अवजार, मग ते अवजार पेलेल एवढं वजन, मग जागेतल्या फटी आणि उतार. हे सगळं वहीत उतरलं की एचपी किती हवेत ते आपोआप समोर येतं.

मी स्वतः हा क्रम उलटा केला होता. आकड्याला भुलून घेतलेला माझा पहिला छोटा ट्रॅक्टर इंजिनाने दमदार होता, पण अंगाने हलका. नांगर जमिनीत बसला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि इंजिन मात्र मजेत गुणगुणत राहायचं. पुढचे दोन हंगाम मी चाकांवर वजनं चढवण्यात घालवले. तुमचे दोन हंगाम वाचावेत म्हणून हा सगळा खटाटोप.

सामान फार लागत नाही. मोजायची टेप, एक लांब काठी, खडू आणि वही.

पायरी १ : कामांची यादी, तासांसकट

वर्षभरात ट्रॅक्टरकडून काय काय करून घ्यायचं ते लिहा आणि प्रत्येक कामापुढे वर्षाचे अंदाजे तास टाका. समजा, गवत कापणी ६० तास, खत आणि माती हलवणं ३० तास, रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) २० तास, रस्ता सारखा करणं १५ तास, खांबांचे खड्डे ५ तास आणि एक तळं खोदायचंय.

आता दोन गोष्टींवर खूण करा. सर्वांत जास्त तास कशाचे, आणि सर्वांत जड काम कोणतं. वरच्या यादीत तासांत गवत पुढे आहे. जड कामात तळं पुढे आहे, पण ते एकदाच होणार. अशा कामाला खोदाईचं यंत्र भाड्याने आणा आणि ते यादीतून बिनदिक्कत खोडून टाका. एका तळ्यासाठी मोठं धूड घेतलं, तर पुढची पंधरा वर्षं त्याच धुडाने गवत कापत बसावं लागतं. तळं गेल्यावर जे जड काम उरतं, ते तुमच्या ट्रॅक्टरचं किमान माप ठरवणार. सर्वांत जास्त तासांचं काम त्याचं कमाल माप ठरवणार.

यादीत फक्त आजची कामं नकोत, पण स्वप्नंही नकोत. "कधीतरी पलीकडचा तुकडा घेतला तर" या वाक्यावर घेतलेले बरेच ट्रॅक्टर शेडमध्ये उभे असतात.

पायरी २ : ओढायचंय, फिरवायचंय की उचलायचंय?

सगळा निर्णय या पायरीवर टेकलेला आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रॅक्टरची कामं तीनच प्रकारची असतात. नांगर, कल्टिव्हेटर, ट्रॉली ही ओढायची कामं. रोटाव्हेटर, गवत कापणी, खड्डे खोदायचा ऑगर ही पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, फिरवायची कामं. पुढच्या लोडरने, म्हणजे उचलत्या बकेटने, खत भरणं किंवा मागच्या लिंकेजवर, म्हणजे अवजार जोडून उचलायच्या दांड्यांवर, पिंप नेणं ही उचलायची कामं. ओढायला वजन लागतं, फिरवायला इंजिनाची ताकद लागते, उचलायला हायड्रॉलिक आणि तोल लागतो. एकाच एचपीचे दोन ट्रॅक्टर या तिन्हींत अगदी वेगळे निघू शकतात. २५ एचपीच्या आसपास ६५० किलोचं यंत्रही मिळतं आणि १२०० किलोचंही. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

ओढण्याचं उदाहरण आकड्यांत पाहू. एका फाळाचा नांगर ३० सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर खोल चालतोय. म्हणजे कापली जाणारी मातीची चौकट ६०० चौरस सेंटीमीटरची झाली. मध्यम जमिनीत दर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो ओढ धरा. रेताड जमिनीत ती निम्म्यावर येते, जड चिकणमातीत ०.८ पर्यंत जाते. मध्यम जमिनीत ओढ झाली ३०० किलो. ताकद काढायचं सूत्र सोपं आहे : ओढ किलोत, वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोघांचा गुणाकार भागिले २७०. ताशी ४ किलोमीटरने ३०० गुणिले ४ भागिले २७०, म्हणजे जेमतेम साडेचार एचपी. चाकांची घसरण आणि गिअरमधला तोटा धरून इंजिनाकडून सात-आठ एचपी लागले म्हणा.

सात-आठ एचपी! मग २५ एचपीचं हलकं यंत्र तिथे का अडतं? कारण मातीवर ट्रॅक्टर सतत ओढू शकतो ती ओढ, इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावर जेवढं वजन आहे त्याच्या ४० ते ५० टक्केच असते. ३०० किलो ओढीला त्या चाकांवर ६०० ते ७५० किलो हवेत. जड चिकणमातीत तीच ओढ ४८० किलोवर गेली की १००० ते १२०० किलो लागतात. नांगर दोन फाळांचा केला की सगळं दुप्पट. ६५० किलोच्या ट्रॅक्टरला तुम्ही ४० एचपीचं इंजिन बसवलंत तरी तो फक्त जास्त जोरात माती उकरेल.

थ्री पॉइंट लिंकेजने यात थोडी मदत होते. हॅरी फर्ग्युसनची ही रचना १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर आली आणि पुढे सगळ्या जगाने उचलली. अवजाराचं वजन आणि मातीचा दाब यांचा काही भाग ती मागच्या चाकांवर आणते, त्यामुळे जोडलेला नांगर नुसत्या दोरखंडाने ओढलेल्या नांगरापेक्षा चाकांना चांगली पकड देतो. तरी वजनाची जागा ती पुरी भरून काढत नाही.

रोटाव्हेटरचं गणित नेमकं उलटं आहे. त्याची पाती बहुतेक वेळा चाकांच्याच दिशेने फिरतात, म्हणून ते ट्रॅक्टरला मागून ढकलत असतं. तिथे पकड कमी असली तरी चालतं, पण पीटीओवर ताकद कमी पडली की इंजिन दबतं, आवाज बदलतो आणि माती ढेकळांतच राहते. म्हणून यादीत रोटाव्हेटर आणि गवत कापणीच असेल तर हलका ट्रॅक्टर चालेल. नांगर आणि भरलेली ट्रॉली असेल तर वजन आधी बघा.

वजनाला दुसरी बाजूही आहे. ओल्या जमिनीवर जड चाक फिरलं की खालची माती दबते, पाणी मुरत नाही. हिरवळीवर तर चाकोऱ्याच पडतात. म्हणून जन्मजात जड यंत्रापेक्षा मध्यम वजनाचं, पण वजनं काढता-घालता येतील असं यंत्र मला जास्त आवडतं. चाकांना लावायच्या लोखंडी चकत्या, पुढच्या बंपरवरची वजनं किंवा मागच्या टायरात पाणी. टायर साधारण तीन चतुर्थांश भरतात, आणि मध्यम आकाराच्या एका टायरात शंभर लिटरच्या वर पाणी सहज मावतं. हे वजन खालीच राहतं, त्यामुळे उतारावर तोलही सुधारतो. जिथे पाणी गोठतं तिथे मात्र न गोठणारं द्रावण भरावं लागतं, नाहीतर टायराचं वाटोळं होतं.

पायरी ३ : अवजाराची रुंदी ठरवा

फिरणाऱ्या अवजाराला दर फूट रुंदीमागे साधारण ५ पीटीओ एचपी लागतात. कसदार पण आधी फोडलेल्या मातीत थोडं कमी चालतं, कडक जमिनीत किंवा झुडपांत जास्त लागतं. म्हणजे चार फुटी रोटाव्हेटरला २० पीटीओ एचपी, पाच फुटीला २५.

हे पीटीओ एचपी आहेत, इंजिनाचे नाहीत. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा इंजिनाचा असतो. साध्या गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये त्यातले ८५ ते ९० टक्के पीटीओवर पोचतात, हायड्रोस्टॅटिकमध्ये, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये, आणखी थोडे कमी. २५ एचपीच्या ट्रॅक्टरवर २१-२२ मिळाले तर ठीक. माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर पीटीओचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच वहीत घ्या.

अवजार किमान मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांइतकं रुंद हवं. टायरांचं बाहेरून बाहेर माप १२० सेंटीमीटर आणि रोटाव्हेटर १०० सेंटीमीटरचं असेल, तर दोन्ही बाजूंना चाकाने दाबलेली पट्टी तशीच राहते. अवजार एका अंगाला सरकवून एक बाजू साधता येते, पण मग दर वेळी त्याच बाजूने वळावं लागतं. म्हणजे बघा, ट्रॅक्टर रुंद झाला की अवजार रुंद, अवजार रुंद झालं की एचपी जास्त.

आता रुंदीने वेळ किती वाचतो? मीटरमधली रुंदी गुणिले ताशी वेग भागिले १० केलं की तासाला किती हेक्टर ते कळतं. वळणं आणि दुहेरी पट्टी यांत वीस-बावीस टक्के जातात. १.२ मीटरचं रोटाव्हेटर ताशी २.५ किलोमीटरने चालवलं तर एका एकराला साधारण पावणेदोन तास. १.५ मीटरचं असेल तर एक तास पंचवीस मिनिटं. पाच एकरांवर सगळा फरक पावणेदोन तासांचा. त्या पावणेदोन तासांसाठी वरच्या आकाराचा ट्रॅक्टर घ्यायचा का, ते तुम्हीच बघा. मी घेणार नाही.

वीस एकर असतील तर मात्र गोष्ट बदलते. तिथे ३५ तास विरुद्ध २८ तास. आणि जड जमिनीत वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल, मोजून दोन-चार दिवसच टिकतो. आधी गेलात तर चिखल, उशीर झाला तर विटा. तुमच्याकडे वाफशाचे दिवस तीन आणि दिवसाला ट्रॅक्टरवर बसायचे तास नऊ असतील, तर २७ तासांत काम उरकेल एवढी रुंदी हवीच. क्षेत्रफळ या हिशोबात येतं ते असं, दिवसांच्या मार्गाने. ज्याच्या हाताशी पूर्ण आठवडा मोकळा आहे आणि ज्याला फक्त सुट्टीचे दोन दिवस मिळतात, त्या दोघांना सारख्याच एकरांसाठी वेगवेगळे ट्रॅक्टर लागतात.

पायरी ४ : काठी घेऊन जागा फिरा

मनात असलेल्या ट्रॅक्टरचं, अवजारासकट, सर्वांत रुंद माप काढा. त्यात दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटीमीटर मिळवा आणि तेवढी लांब काठी कापा. ती कमरेच्या उंचीवर आडवी धरून सगळ्या जागेतून चाला. फाटकं, झाडांच्या ओळी, विहिरीजवळची वाट, गोठ्याचं दार, पाण्याच्या टाकीमागची बोळकांडी. काठी जिथे अडेल तिथे ट्रॅक्टर अडणार. झाडांच्या ओळी पालवी भरात असताना मोजा. पानगळीत सगळं ऐसपैस वाटतं.

मला आमच्या झाडांच्या दोन ओळींनी शहाणं केलं. खोडापासून खोडापर्यंत अंतर भरपूर होतं, पण फांद्या खाली झुकलेल्या. टायर व्यवस्थित जायचे आणि फेंडरचा कोपरा दर फेरीला त्याच फांदीची साल सोलायचा. वर्षभरात ती फांदी वाळली.

उंचीही मोजा. चालकामागची संरक्षक कमान उभी असताना बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांची उंची सव्वादोन-अडीच मीटर भरते. शेडचं दार त्याहून खुजं असेल तर दुमडणारी कमान घ्या. पण कमान दुमडायची ती फक्त त्या दारापुरती. बाहेर आलं की लगेच उभी. कमान उभी असताना पट्टा बांधायचा, दुमडलेली असताना बांधायचा नाही. ट्रॅक्टर उलटला तर उभी कमान आणि पट्टा मिळून माणसाला सुरक्षित जागेत धरून ठेवतात. कमानच नसेल तर पट्टा त्याला यंत्राखाली अडकवतो. नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची करण्याचा नियम स्वीडनने १९५९ मध्येच केला होता. कमान नसलेला जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही.

लांबी लोक विसरतात. तीन मीटरचा ट्रॅक्टर पुढे लोडर आणि मागे कापणी यंत्र लावलं की पाच मीटरच्या आसपास जातो. ओळीच्या शेवटी वळायला तेवढी जागा आहे का, शेडमध्ये तो जोडलेल्या अवजारासकट मावतो का, हे बघा. रोज अवजार काढून-जोडून ठेवावं लागलं तर तुम्ही ट्रॅक्टर काढायचाच कंटाळा कराल.

पायरी ५ : उतार मोजा

एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, तिच्यावर पाणसळ ठेवा. एक टोक चढाकडच्या जमिनीला टेकवा, पट्टी समतल करा आणि दुसऱ्या टोकाखाली किती अंतर पडतं ते मोजा. १५ सेंटीमीटर म्हणजे १५ टक्के उतार. जागेतल्या सर्वांत वाईट तीन-चार ठिकाणी हे करा.

छोटा ट्रॅक्टर उतारावर सुरक्षित, असा एक समज आहे. तो का फसवा आहे ते पाहा. दोन चाकांतलं अंतर १ मीटर असलेला अरुंद ट्रॅक्टर १५ टक्के उतारावर आडवा चाललाय. खालच्या बाजूचं चाक १५ सेंटीमीटरच्या खड्ड्यात गेलं. ट्रॅक्टरपुरता उतार एकदम ३० टक्के झाला. चाकांतलं अंतर १.३ मीटर असतं तर तोच खड्डा साडेअकरा टक्क्यांचीच भर घालतो. म्हणून आडव्या उतारावर काम असेल तर चाकांतलं अंतर वाढवता येणारं, बुटकं आणि रुंद यंत्र घ्या, मग एचपी कमी मिळाले तरी चालतील. पुस्तिकेतली उताराची मर्यादा पाळा आणि लोडरची बकेट गुडघ्याच्या खाली ठेवूनच फिरा.

भरलेली ट्रॉली चढावर न्यायची असेल तर १० टक्के चढाला दर टनामागे १०० किलो जादा ओढ धरा. त्याहून महत्त्वाचं उतरताना आहे. ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड असेल तर ती उतारावर त्याला ढकलत नेते, आणि हलक्या ट्रॅक्टरची चाकं ब्रेक लावूनही घसरत जातात. इथे पुन्हा वजनच कामाला येतं. आणि काहीही ओढायचं ते मागच्या खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या दांड्यालाच, बांधून. दोर एक्सलच्या वर बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. सावरायला एक सेकंदही मिळत नाही.

पायरी ६ : उचल आणि तोल

लिंकेजच्या उचलीचे दोन आकडे असतात. एक, खालच्या आर्मच्या अगदी टोकाशी; दुसरा, टोकापासून ६१० मिलिमीटर मागे. दुसरा आकडा लहान दिसतो, म्हणून जाहिरातीत पहिला असतो. पण अवजाराचं वजन टोकापासून मागेच असतं, तेव्हा दुसराच खरा मानायचा.

पिनांचंही माप बघून घ्या. छोट्या ट्रॅक्टरांवर बहुधा कॅटेगरी १ असते : खालची पिन २२ मिलिमीटर, टॉप लिंकची १९. कॅटेगरी २ मध्ये त्याच २८ आणि २५ होतात. एखादं जुनं, दणकट अवजार आधीच पडून असेल तर त्याच्या पिना मोजा. बुश घालून जुळवता येतं, पण कॅटेगरी २ चं अवजार बहुतेक वेळा छोट्या ट्रॅक्टरच्या कुवतीबाहेरचं निघतं. त्याची पिनच तुम्हाला सांगत असते की हे तुमच्या ट्रॅक्टरचं काम नाही.

हायड्रॉलिकने उचललं म्हणजे ट्रॅक्टरला पेललं असं नाही. एक हिशोब करू. ट्रॅक्टर ९०० किलोचा, पुढच्या एक्सलवर त्यातले ३६०. पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये अंतर दीड मीटर. मागे ३०० किलोचं अवजार, त्याचं वजन मागच्या एक्सलपासून १.२ मीटरवर. उचलल्यावर पुढचा एक्सल ३०० गुणिले १.२ भागिले १.५, म्हणजे २४० किलोंनी हलका होतो. उरले १२०. एकूण वजन १२०० किलो, त्यातले फक्त १० टक्के पुढे. स्टीअरिंगला पुढे किमान २० टक्के हवेत. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे, बंपरवर, साधारण १०५ किलो वजन लावल्याशिवाय हा ट्रॅक्टर चढावर वळणार नाही. स्टीअरिंग फिरवाल आणि तो सरळच जाईल. तेवढी वजनं पुढे लावायची सोय आहे का, हे घेण्याआधी विचारायचा प्रश्न आहे.

लोडरलाही हेच, फक्त उलट्या दिशेने. ओल्या मातीचा घनमीटर १६०० ते १८०० किलोचा भरतो. म्हणजे ०.२ घनमीटरची बकेट भरली की साडेतीनशे किलोच्या आसपास माती आणि वर बकेटचं वजन. मागे काही जोडलेलं नसेल तर मागची चाकं हलकी होऊन तरंगू लागतात. लोडर वापरायचा तर मागे जड अवजार किंवा वजनाची पेटी असलीच पाहिजे. त्या पेटीचं वजनही लिंकेजच्या कुवतीत धरा. लोडरची क्षमता सांगतानाही पिनेशी आणि पिनेपासून ५०० मिलिमीटर पुढे असे दोन आकडे असतात. काटे लावून गठ्ठे उचलणार असाल तर दुसरा विचारा, कारण गठ्ठ्याचं वजन आणखीच पुढे जातं.

पायरी ७ : आता एचपी

वही उघडा. सर्वांत रुंद फिरणाऱ्या अवजाराचे पीटीओ एचपी घ्या, त्यात १० ते १५ टक्के गुंजाइश मिळवा आणि ०.८५ ने भागा. चार फुटी रोटाव्हेटरला २० पीटीओ, गुंजाइशीसकट २२-२३, म्हणजे इंजिनाचे २६-२७. हा झाला तुमचा आकडा. आता त्याच्या आसपासच्या ट्रॅक्टरांतून तेच निवडा ज्यांचं वजन पायरी २ मधलं आहे, जे काठीतून जातात आणि ज्यांची उचल पायरी ६ ला पुरते. यादी फार तर तीन-चार नावांवर येईल.

ढोबळ अंदाज हवाच असेल तर : एक-दोन एकर, बहुतेक गवत आणि बाग, तर १५ ते २२ एचपी. दोन ते दहा एकर, रोटाव्हेटर, लहान ट्रॉली, हलका लोडर, तर २२ ते ३२. दहा-पंचवीस एकर किंवा जड जमिनीत नांगरट, तर ३५ ते ५० आणि वजन दीड टनाच्या आसपास. अर्ध्या एकराला बहुधा चालत चालवायचं यंत्र पुरतं. हे आकडे सुरुवातीला ठीक आहेत, पण वही आणि हे आकडे जुळले नाहीत तर वहीचं ऐका.

दोन बारीक गोष्टी. जागा उंचावर असेल तर टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. १५०० मीटरवर २५ चे २१-२२ झाले. आणि अमेरिका-युरोपात धुराच्या नियमांत १९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५ एचपी, ही एक रेष आहे. तिच्यावर गेलं की इंजिनाला बऱ्याचदा काजळी अडवणारा फिल्टर आणि त्याची देखभाल चिकटते. पुष्कळ मॉडेलं पंचविसाच्या जरा खालीच थांबलेली दिसतात ती त्यामुळे.

डिझेलचं म्हणाल तर पूर्ण लोडवर ताशी दर एचपीमागे पाव लिटरहून थोडं कमी जातं. मोठा ट्रॅक्टर अर्ध्या लोडवर चालवला तरी स्वतःचं अंग हलवायला तो जास्त पितोच.

गिअरबद्दल थोडक्यात. लोडरचं पुढे-मागे बरंच असेल तर हायड्रोस्टॅटिक, सलग पट्ट्या ओढायच्या असतील तर साधा गिअर. फोर व्हील ड्राइव्ह छोट्या ट्रॅक्टरला मी चैन मानत नाही, कारण तिथे प्रत्येक किलो वजन पकडीला लागतं. टायर शेतीचे खोल नक्षीचे, हिरवळीचे की मधले, ते पायरी १ मधले तास बघून ठरवा. आणि जो रोज चालवणार आहे त्यालाच सीटवर बसवा. क्लच पूर्ण दाबताना कंबर सीटवरून सुटत असेल तर तो ट्रॅक्टर त्याच्या मापाचा नाही.

पायरी ८ : खडूची चाचणी

विक्रेत्याच्या अंगणात फेरी मारून काही कळत नाही. ट्रॅक्टर तुमच्या जागेत, तुमच्या ओढायच्या अवजाराला जोडून, जमीन वाफशावर असताना मागवा. दुसऱ्याच दिवशी येतो म्हणाले आणि पाऊस पडून गेला असेल, तर थांबायला सांगा.

मागच्या टायरवर खडूने जाड रेघ ओढा. अवजार उचललेलं ठेवून, जिथे काम करायचं त्याच मातीवर, चाकाचे बरोबर १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर पुढे घ्या. सुरुवातीला आणि शेवटी खुंटी ठोका. मग शेजारच्या पट्टीत अवजार पूर्ण खोलीवर चालवत तेवढंच अंतर कापा आणि कुणाला तरी बाजूने चालत फेरे मोजायला सांगा. रोटाव्हेटर लावून ही चाचणी करू नका, ते ढकलतं. नांगर किंवा कल्टिव्हेटर हवा.

साडेअकरा फेरे झाले तर दीड फेरा वाया गेला, म्हणजे घसरण १३ टक्के. १० ते १५ टक्के ही निरोगी मर्यादा. फोर व्हील ड्राइव्हला थोडी कमी असते. १३ फेरे झाले तर घसरण २३ टक्के, आणि विक्रेता म्हणेल, "साहेब, याच्या वरचं मॉडेल घ्या, पाच एचपी जास्त आहेत." तेव्हा इंजिनाचा आवाज आठवा. ते दबलं नसेल तर ताकद पुरेशी आहे. चाकांवर वजनं चढवून तीच पट्टी पुन्हा मारायला सांगा आणि फेरे पुन्हा मोजा. त्याउलट साडेदहाच फेरे झाले आणि इंजिन मात्र धूर सोडत बसलं, तर वजन भरपूर आहे. तिथे मात्र अवजार अरुंद करा किंवा विक्रेत्याच्या त्या जादा पाच एचपींवर विचार करा.